लॅपटॉपवरचे कुबरनेटीस : किती हुबेहूब, किती पुरेसे?

नाशिकच्या गंगापूर रोडवर किंवा इंदिरानगरात चार-सहा जणांची एखादी टीम परदेशी क्लायंटचे काम करत असेल, तर तिचा कोड शेवटी बहुधा कुबरनेटीसवर जाऊन चालतो. तो क्लस्टर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असतो, नाहीतर फ्रँकफर्टला किंवा व्हर्जिनियात. कोड लिहिणाऱ्याच्या टेबलावर मात्र आठ किंवा सोळा जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप असतो आणि त्यातली बरीचशी रॅम ब्राउझर, एडिटर आणि मीटिंगचे अॅप आधीच खाऊन बसलेले असतात. उरलेल्या जागेत क्लस्टर बसवायचा का, बसवायचा तर कोणता, आणि नाही बसवला तर काय हुकते, याचा हा आढावा.

प्रश्न जुनाच आहे. दहा वर्षांपूर्वी तो ‘चालेल का?’ असा विचारला जायचा. आता चालतो, आणि अर्धा डझन प्रकारे चालतो. लॅपटॉपवर चाललेला क्लस्टर खऱ्या क्लस्टरशी कितपत जुळतो आणि त्या जुळण्यासाठी लागणारा वेळ, रॅम आणि पैसा कोणी खर्चायचा, यावर आज मतभेद आहेत.

इथवर कसे आलो

डॉकर लोकांसमोर आले मार्च २०१३ मध्ये. एका यंत्रावर एक कंटेनर चालवणे त्याने सोपे केले. पण वेबसाइट, डेटाबेस, कॅशे असे तीन-चार कंटेनर एकत्र उठवायचे तर हाताने खटपट करावी लागे. ती खटपट ‘फिग’ नावाच्या छोट्या साधनाने संपवली. डॉकर कंपनीने २०१४ मध्ये ते विकत घेतले आणि त्याचे ‘डॉकर कंपोज’ झाले. एक फाइल, एक आज्ञा, सगळे कंटेनर चालू. कंपोजची ही सुटसुटीत सवय पुढच्या सगळ्या वादात मोजपट्टीसारखी वापरली जाते.

त्याच वर्षी जूनमध्ये गूगलने कुबरनेटीस जाहीर केले आणि २१ जुलै २०१५ रोजी त्याची १.० आवृत्ती आली. त्याच महिन्यात, १४ जुलैला, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण झाले होते. पुढचा सिंहस्थ २०२७ चा. म्हणजे एका सिंहस्थापासून दुसऱ्यापर्यंतच्या काळात हे तंत्र जन्मले, वाढले आणि नोकरीच्या जाहिरातीत गृहीत धरले जाण्याइतके रुळले.

कुबरनेटीस लिहिले गेले ते अनेक सर्व्हर्सच्या ताफ्यासाठी. एका लॅपटॉपवर ते चालवण्याची सोय म्हणून २०१६ मध्ये मिनीक्यूब आले. त्यात एक आभासी यंत्र उठे आणि त्याच्या पोटात एका नोडचा क्लस्टर. २०१८ मध्ये डॉकर डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये कुबरनेटीसची एक चौकट आली, कॅनॉनिकलने मायक्रोके८एस आणले आणि कुबरनेटीस प्रकल्पातच ‘काइंड’ची सुरुवात झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये रँचर लॅब्सने के३एस जाहीर केले. पुढच्या वर्षी ते सीएनसीएफ या फाउंडेशनकडे सुपूर्द झाले. मिरांटिसचे के०एस २०२० अखेरचे. साधने आली ती अशी लागोपाठ, चार-पाच वर्षांत.

‘हलके’ करताना काय काढले?

या सगळ्यांना सरसकट ‘हलके क्लस्टर’ म्हणतात, आणि चर्चेतला निम्मा गोंधळ इथे सुरू होतो. कारण ही साधने वेगवेगळ्या कारणांनी हलकी आहेत.

पूर्ण कुबरनेटीसमध्ये एपीआय सर्व्हर, शेड्युलर, कंट्रोलर मॅनेजर आणि एटसीडी हा डेटाबेस असे चार स्वतंत्र भाग क्लस्टरची सूत्रे सांभाळतात. शिवाय प्रत्येक नोडवर क्यूबलेट आणि क्यूब-प्रॉक्सी. यातले एटसीडी सर्वांत हट्टी. प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की उतरल्याची खात्री झाल्याशिवाय ते पुढे सरकत नाही; म्हणून जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर किंवा रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डवर ते अडखळते आणि त्याच्यामागे सगळा क्लस्टर. के३एसने हे सर्व भाग एकाच प्रोसेसमध्ये आणले, एका नोडच्या मांडणीत एटसीडीच्या जागी एसक्यूलाइट बसवले, क्लाउड कंपन्यांसाठी आत भरलेला जुना कोड काढला आणि सगळे शंभर एमबीच्या आतल्या एका फाइलमध्ये बांधले. त्याच फाइलमध्ये नेटवर्कसाठी फ्लॅनेल, बाहेरची वाहतूक आत घेण्यासाठी ट्रेफिक आणि साधे लोकल स्टोरेजही येते. के३एस हलके आहे ते बांधणीमुळे.

काइंडने यातले काहीच काढलेले नाही. त्यात डॉकरचा एक कंटेनर हाच एक ‘नोड’ असतो आणि त्याच्या आत क्यूबएडीएम हे क्लस्टर उभारण्याचे साधन वापरून नेहमीचे, पूर्ण कुबरनेटीस उभे राहते, एटसीडीसकट. खुद्द कुबरनेटीसच्या चाचण्यांसाठी ते बनले, त्यामुळे क्लस्टर झटपट उभा करणे आणि तितक्याच निर्धास्तपणे मोडणे हा त्याचा गुण. तीन नोड हवेत तर तीन कंटेनर. के३डी हा त्याचा के३एसवरचा भाऊबंद. मिनीक्यूबचा भर तिसऱ्याच गोष्टीवर: आभासी यंत्र, डॉकर, पॉडमन यांपैकी हवे ते खाली घ्या, वर डॅशबोर्डपासून इन्ग्रेसपर्यंत जोडण्या एकेका आज्ञेने चालू करा. शिकणाऱ्याला हे सोयीचे. त्याची अधिकृत मागणी दोन सीपीयू, दोन जीबी मोकळी रॅम आणि वीस जीबी डिस्क अशी आहे.

तेव्हा कमी रॅम, झटपट उभारणी आणि सोपी सुरुवात हे तीन वेगळे हलकेपणा आहेत. पहिलाही वाटतो तितका मोठा नाही. के३एसच्याच दस्तऐवजात काही काम अंगावर असलेल्या सर्व्हर नोडसाठी मोजलेला आकडा सुमारे १.६ जीबी आहे. निव्वळ एजंट नोड पावणेतीनशे एमबीत भागतो. विंडोजच्या आत लिनक्स चालवणारे डब्ल्यूएसएल-२ नेहमीच्या सेटिंगमध्ये यंत्राची निम्मी रॅम ही आपली कमाल मर्यादा धरते. म्हणजे आठ जीबीच्या लॅपटॉपवर चार जीबीत लिनक्स, डॉकर, क्लस्टर आणि आपले अॅप, सगळ्यांनी सामावून घ्यायचे. त्यात जावाच्या दोन-तीन सेवा असल्या की टास्क मॅनेजरमध्ये ‘व्हीएममेम’, म्हणजे त्या लिनक्सची रॅम, सर्वांत वर जाऊन बसते. माझ्या मते आपल्याकडच्या छोट्या टीमचा निर्णय साधनांच्या गुणदोषांपेक्षा या चार जीबींवर जास्त ठरतो.

पहिली बाजू : क्लस्टर लॅपटॉपवरच हवा

या बाजूचे मूळ २०११ मधल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अॅप’ या हेरोकूच्या लेखनात सापडते. डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शन यांच्यात जितके कमी अंतर, तितक्या कमी चुका, हे त्यातले दहावे सूत्र. कंटेनर आल्यावर अंतर आणखी कमी झाले. मग शेवटचा टप्पा, क्लस्टर, तेवढाच वेगळा का ठेवायचा?

युक्तिवाद भक्कम आहे. रेडीनेस प्रोबचा पत्ता चुकला, मेमरीची मर्यादा कमी पडून पॉड पुन्हा पुन्हा मारला गेला, सर्व्हिस अकाउंटला हवी ती परवानगी नाही, हेल्म चार्टमधल्या एका ओळीची मोकळी जागा सरकली: यातले काहीही कंपोजवर दिसत नाही. लॅपटॉपवरच्या क्लस्टरमध्ये ते पाच मिनिटांत कळते. तिथे नाही कळले तर रात्री डिप्लॉयच्या वेळी कळते.

आवृत्ती बदलताना तर ही बाजू जवळजवळ बिनतोड ठरते. कुबरनेटीसच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला साधारण वर्षभर आधार मिळतो, त्यामुळे थांबून राहण्याची सोय नाही. २०२१ मध्ये १.२२ ने इन्ग्रेसची जुनी बीटा व्याख्या काढून टाकली, २०२२ मध्ये १.२५ ने पॉड सिक्युरिटी पॉलिसी काढली. जुन्या यामल फाइली त्या दिवशी नुसत्या नाकारल्या गेल्या. काइंडमध्ये हव्या त्या आवृत्तीची नोड-इमेज घेऊन क्लस्टर उभा करता येतो, म्हणून हे आधी करून बघणे अर्ध्या तासाचे काम होते. आणि जे लोक ऑपरेटर किंवा कंट्रोलरच लिहितात, त्यांना तर दुसरा मार्गच नाही.

दुसरी बाजू : कंपोज पुरे

यांचे म्हणणे असे की, डेव्हलपरच्या दिवसाचा मोठा भाग कोड बदलणे आणि परिणाम बघणे यात जातो. कंपोजमध्ये फोल्डर कंटेनरशी जोडला की फाइल सेव्ह केल्याबरोबर बदल दिसतो. क्लस्टर मध्ये आला की इमेज बांधा, क्लस्टरच्या आत पोचवा, पॉड बदला, लॉग शोधा. एका ओळीच्या बदलासाठी एवढा फेरा.

या फेऱ्यात नवख्याला हमखास अडकवणारी एक जागा आहे. इमेजला ‘लेटेस्ट’ हा टॅग असला की कुबरनेटीस ती दर वेळी रजिस्ट्रीतून आणायला जाते, आत्ताच लॅपटॉपवर बांधलेली इमेज रजिस्ट्रीत नसतेच, मग ‘इमेज-पुल-बॅकऑफ’. इमेज समोर दिसत असते आणि क्लस्टर ती नाही म्हणून सांगतो. उपाय साधा आहे: वेगळा टॅग द्या, काइंडच्या आज्ञेने इमेज नोडमध्ये भरा, किंवा के३डीबरोबर स्वतःची छोटी रजिस्ट्री ठेवा. पण तो कोणीतरी आधी सांगावा लागतो.

पहिल्या बाजूचे उत्तर साधनांच्या रूपात आले. गूगलचे स्कॅफोल्ड आणि टिल्ट ही साधने फाइलींवर नजर ठेवतात आणि बांधणे-पोचवणे-बदलणे आपोआप करतात. बदललेली फाइल तेवढी चालत्या कंटेनरमध्ये ढकलण्याचीही सोय आहे. फेरा खरोखर आखडतो. त्यासाठी आणखी एक फाइल लिहावी, जपावी लागते, हे दुसरी बाजू लगेच दाखवून देते. उलट कंपोजवाल्यांकडे दोन वर्णने होतात, एक कंपोजचे आणि एक क्लस्टरचे, आणि सहा महिन्यांत ती एकमेकांपासून फटकून वागू लागतात. यातला कोणता भार कमी, हे टीममध्ये यामल कोण लिहितो यावर आहे. एकच माणूस लिहीत असेल तर कंपोज चालून जाते. प्रत्येकजण स्वतःच्या सेवेचे यामल लिहीत असेल तर चालत नाही.

जुळते ते नेमके काय?

मला या चर्चेतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट इथे दिसते. लॅपटॉपवरचा क्लस्टर खऱ्या क्लस्टरशी जुळतो तो एपीआयच्या पातळीवर: त्याच फाइली, त्याच आज्ञा, तीच उत्तरे. भोवतालची परिस्थिती मात्र जुळत नाही. दोन्ही बाजू ‘हुबेहूब’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेकदा यातली वेगवेगळी गोष्ट असते.

उदाहरण नेटवर्क पॉलिसीचे. डेटाबेसशी अमुक पॉडनेच बोलावे, असा नियम लिहून मिनीक्यूबला दिला तर तो निमूट स्वीकारतो. पण नेहमीच्या मांडणीत तो नियम अमलात आणणारे कोणी आत नसते. त्यासाठी कॅलिकोसारखे नेटवर्क मुद्दाम निवडून क्लस्टर उभा करावा लागतो. चूक कुठेच दिसत नाही, अडवले मात्र काहीच जात नाही. के३एसमध्ये हा अंमल नेहमीच्या मांडणीतच येतो. काइंडमध्ये बरीच वर्षे नव्हता, २०२४ मध्ये आला. एकच फाइल साधन आणि त्याची आवृत्ती बदलली की वेगळी वागते.

लोड बॅलन्सरचेही तसेच. क्लाउडमध्ये तो मागितला की बाहेरचा पत्ता मिळतो. काइंडमध्ये वेगळी जोड न दिल्यास तो ‘पेंडिंग’च राहतो, मिनीक्यूबमध्ये टनेलची आज्ञा चालू ठेवावी लागते, के३एस स्वतःचा छोटा बॅलन्सर पुढे करते. स्टोरेजमध्ये फरक आणखी खोल आहे. लॅपटॉपवर डिस्क म्हणजे त्याच यंत्रातला एक फोल्डर. मुंबईच्या क्लाउडमध्ये ती एका झोनला बांधलेली असते आणि पॉड दुसऱ्या झोनमध्ये गेला तर तिथे पोचत नाही. हा प्रसंग लॅपटॉपवर घडूच शकत नाही. क्लाउडमधली ओळख आणि परवानग्या यांची नक्कल करणारी लोकलस्टॅकसारखी साधने आहेत, पण ती नक्कलच. भर म्हणून २०२० अखेर अॅपलचे एम-१ आले आणि मॅकवर बांधलेली एआरएम इमेज इंटेलच्या सर्व्हरवर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देऊन थांबू लागली. त्यावर दोन्ही प्रकारच्या इमेज एकदम बांधण्याची सोय झाली आणि हा प्रश्न आता बराचसा मिटला आहे.

तिसरी वाट : क्लस्टर दूर, हात जवळ

लॅपटॉपवर काही बसवूच नये, टीमचा एक सामायिक क्लस्टर असावा आणि प्रत्येकाला त्यात स्वतःची नेमस्पेस, असे म्हणणारा तिसरा गट आहे. परिस्थिती जुळण्याचा प्रश्न इथे जवळजवळ सुटतो. टेलिप्रेझेन्स हे २०१७ पासूनचे आणि मिररडी हे त्यानंतरचे साधन यात आणखी एक पाऊल पुढे जातात: तुमची एक सेवा लॅपटॉपवर चालते, पण तिला वाटते ती क्लस्टरमध्येच आहे. नेमस्पेस अपुरी पडते तिथे व्हीक्लस्टर आहे. त्यात मोठ्या क्लस्टरच्या एका पॉडमध्ये छोटा क्लस्टर चालतो, आणि सुरुवातीला त्याच्या पोटात के३एसच होते.

हिशेब पैशाचा आहे. अमेझॉनच्या ईकेएसमध्ये क्लस्टरचे नुसते नियंत्रण तासाला दहा सेंटला पडते. महिन्याला साधारण त्र्याहत्तर डॉलर, सहा हजार रुपयांच्या आसपास, आणि नोडचे पैसे वेगळे. पाच जणांच्या टीमला हे पाच लॅपटॉपांत रॅम वाढवण्यापेक्षा महाग की स्वस्त, हे वर्षभराच्या हिशेबातच कळते. रात्री आणि रविवारी नोड बंद ठेवण्याची शिस्त असेल तर चित्र बदलते. नाशिकपासून मुंबई जवळ असल्याने विलंब फारसा जाणवत नाही, आणि दूरचा क्लस्टर परदेशातच असावा असेही नाही. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ईएसडीएसचे डेटा सेंटर आहेच. पण फायबर तुटली की काम थांबते. खोदलेल्या रस्त्यांच्या शहरात ही तक्रार किरकोळ धरता येत नाही.

दूरच्या वाटेवर सगळेच सुखी आहेत असेही नाही. गिटपॉडने डेव्हलपरांसाठी क्लाउडमधली कामाची जागा हाच व्यवसाय वर्षानुवर्षे कुबरनेटीसवर केला आणि २०२४ मध्ये त्या कामापुरते कुबरनेटीस सोडल्याचे जाहीर केले. कुबरनेटीस अॅप चालवायला चांगले, माणसांच्या कामाच्या जागेला तितके नाही, असा त्यांचा अनुभव. दुसरीकडे, ग्राहकांचा खरा डेटा लॅपटॉपवर उतरू नये हा आग्रह डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नंतर वाढत जाणार, आणि तो दूरच्या क्लस्टरच्या पारड्यात पडतो.

वर्गातला क्लस्टर

नाशिकमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालये बरीच आहेत, आणि प्रयोगशाळेतला क्लस्टर हा कंपनीतल्या क्लस्टरपेक्षा वेगळा प्रश्न आहे. साठ विद्यार्थी एकाच वेळी मिनीक्यूब चालू करतात. सगळ्यांची इंटरनेटची वाट एकाच आयपी पत्त्यावरून. डॉकर हबने नोव्हेंबर २०२० पासून लॉगिन न करता इमेज उतरवण्यावर दर आयपी पत्त्याला सहा तासांत शंभर अशी मर्यादा आणली. साठ जणांनी दोन-दोन इमेज मागितल्या की मर्यादा ओलांडली, आणि उरलेले तास मास्तर ‘टू मेनी रिक्वेस्ट्स’ समजावून सांगण्यात घालवतात. प्रयोगशाळेतच एक कॅशे रजिस्ट्री ठेवणे, किंवा इमेज फाइलीत साठवून पेनड्राइव्हने वाटणे, हे दोन्ही उपाय कोणत्याही साधनाच्या निवडीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

कशावर शिकवावे यावर मात्र खरा मतभेद आहे. के३एस जुन्या संगणकांवर चालते आणि विद्यार्थी लवकर डिप्लॉयपर्यंत पोचतो. पण सीकेए ही प्रमाणपत्र परीक्षा दोन तासांची, थेट टर्मिनलवर काम करून द्यायची असते, आणि त्यात क्यूबएडीएमने क्लस्टर अद्ययावत करणे, बिघडलेला एपीआय सर्व्हर शोधणे असली कामे येतात. के३एसमध्ये ते भाग वेगळे दिसतच नाहीत, मग बिघडलेले कसे दिसणार? काइंडच्या नोडमध्ये शिरले तर मॅनिफेस्टच्या फोल्डरात एटसीडी, शेड्युलर, सगळ्यांच्या फाइली समोर असतात. ज्याला क्लस्टर वापरायचा आहे त्याला के३एस आणि ज्याला सांभाळायचा आहे त्याला काइंड किंवा सरळ क्यूबएडीएम, अशी विभागणी मला पटते.

जिथे लहान क्लस्टर हाच खरा

एक अपवाद नाशिकच्या संदर्भात मोठा आहे. सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक भागात मशीनशेजारी ठेवलेल्या छोट्या संगणकावर सेन्सरचा डेटा गोळा करायचा असेल, तर तिथे के३एस हेच प्रॉडक्शन असू शकते. अमेरिकेत चिक-फिल-ए ही रेस्टॉरंटांची साखळी आपल्या प्रत्येक दुकानात छोट्या संगणकांवर असाच क्लस्टर चालवते. अशा कामात लॅपटॉपवरचा क्लस्टर आणि खरा क्लस्टर यांत एपीआयही जुळतो आणि बरीचशी परिस्थितीही; अगदी वीज जाऊन अचानक बंद पडण्याचा प्रसंगसुद्धा टेबलावर करून बघता येतो. २०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्या तरुणांनी ‘अशिओटो’ ही पावले मोजणारी चटई वापरून गर्दीचा अंदाज घेतला होता. घाटावरच्या अशा यंत्रणांना २०२७ साठी लागणारे सॉफ्टवेअर आज लिहिणाऱ्याला हा पर्याय उपलब्ध आहे, तेव्हा नव्हता.

अजून न सुटलेले

परवान्याचा प्रश्न तात्पुरता शांत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये डॉकर डेस्कटॉप मोठ्या कंपन्यांना सशुल्क झाले. अडीचशेहून कमी कर्मचारी आणि एक कोटी डॉलरहून कमी उलाढाल असलेल्यांना ते फुकट आहे. नाशिकच्या छोट्या टीम त्यात बसतात. पण त्याच टीमचा माणूस मोठ्या क्लायंटच्या लॅपटॉपवर काम करतो तेव्हा क्लायंटचा नियम लागतो, म्हणून रँचर डेस्कटॉप आणि पॉडमन डेस्कटॉप या पर्यायांची माहिती ठेवावी लागते.

मोजमाप हा दुसरा खुला भाग. के३एसचे वर दिलेले आकडे क्लाउडमधल्या लिनक्स यंत्रांवर घेतलेले आहेत. आठ जीबीच्या विंडोज लॅपटॉपवर, डब्ल्यूएसएलच्या आत, शेजारी ब्राउझर उघडा असताना काय होते, ते प्रत्येक टीमला स्वतः मोजावे लागते. मोठी भाषा-मॉडेले चालवणाऱ्या पॉडना ग्राफिक्स कार्ड लागते तिथे तर लॅपटॉपची बाजू सुरुवातीलाच लंगडी पडते.

आणि ताजा मुद्दा इन्ग्रेसचा. क्लस्टरमध्ये बाहेरची वाहतूक घेणारा, फार मोठ्या प्रमाणावर वापरला गेलेला इन्ग्रेस-एन्जिनएक्स हा कंट्रोलर निवृत्त होत असून मार्च २०२६ नंतर त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळणार नाहीत, असे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. मिनीक्यूबची इन्ग्रेसची जोडणी त्याच्यावरच उभी आहे. के३एसमध्ये ट्रेफिक आहे, आणि एन्जिनएक्ससाठी लिहिलेल्या खास सूचना ते नेहमीच्या मांडणीत जशाच्या तशा पाळत नाही. अनेकजण आता इन्ग्रेसच्या जागी येणाऱ्या गेटवे एपीआयकडे वळत आहेत आणि ते बदल आधी लॅपटॉपवर करून बघत आहेत. फाइल स्वीकारली गेली, मार्ग उघडला, इथपर्यंत लॅपटॉप सांगू शकतो. टाइमआउट, मोठ्या फाइलींची मर्यादा, प्रमाणपत्रांचे नूतनीकरण हे मात्र गेटवेमागे कोणता कंट्रोलर आहे त्यावर ठरते, आणि प्रॉडक्शनमध्ये तो वेगळा असेल तर तेवढे तपासायला सामायिक क्लस्टरवरच जावे लागते.